पाखरांसाठी पेरलेला कुट्टू

सोपानदादा, पहिल्याच भेटीत तुम्ही मला वेड्यात काढलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दोह्याहून तासभर उत्तरेला, फार्मच्या कुंपणाजवळ, बोराच्या झाडाखाली तुम्ही उभे होतात. इथे त्या झाडाला सिद्र म्हणतात, पण तुम्ही त्याला शेवटपर्यंत बोरच म्हणालात, आणि ते बोरच होतं. मी कंपनीची सिंचन इंजिनियर, हातात लॅपटॉप, डोक्यावर ऑफिसची टोपी. फार्मचे पंप, ठिबकच्या नळ्या आणि औजारं तुमच्याकडे. मी मोठ्या उत्साहाने सांगत होते की अर्बाबना, म्हणजे फार्मच्या मालकांना, कडेचा दीडेक एकराचा तुकडा रानपाखरांसाठी ठेवायचा आहे. वसंतात आणि पानगळीत लांबून येणारी पाखरं या वाळवंटावरून जातात, त्यांना उतरायला आणि चार दाणे टिपायला जागा हवी. धान्य पेरायचं, वाढवायचं, पण कापायचं नाही.

तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, मग खायचं कोणी? मी म्हटलं, पाखरांनी. आणि उरेल ते? तेही पाखरांनी. तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत.

"ताई, पोरपनी सारा जल्म माळ्यावर बसून गोफनीनं पाखरं हाकलली बगा. आता पगार घेऊन त्यायलाच बोलवायचं?"

बोलवलंत मात्र मनापासून. मी ऑफिसच्या एसीत बसून आराखडे रंगवत होते आणि तुम्ही त्या खारट जमिनीत खत मिसळत होतात. औशाकडच्या काळ्या रानातला माणूस तुम्ही. इथे आल्यावर आधी कित्येक वर्षं बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहून लोडर चालवलात, मग फार्मवर आलात, आणि पंपाशेजारच्या खोलीत तुमचं बिऱ्हाड झालं. मी नाशिकची, राहते दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. गावी असतो तर आपली गाठ पडली नसती. इथे मात्र गुरुवारी दुपारी तुमच्याशी मराठीत भांडायला मिळतं म्हणून मी साइट व्हिजिट गुरुवारीच लावून घ्यायचे. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

आपलं खरं भांडण कुट्टूवरून, उत्तरेकडे उपासाला खातात त्या धान्यावरून. ती कल्पना अर्बाबची. त्यांनी कुठल्याशा परदेशी शिकाऱ्यांच्या पानावर वाचलं होतं की तिकडे हरणं आणि पाखरं यांच्यासाठी राखलेल्या रानात उन्हाळ्यात कुट्टू पेरतात. चार दिवसांत उगवतो, तण दाबून टाकतो, महिन्याभरात फुलतो आणि मोकळी पडलेली जमीन झाकून ठेवतो. आपला तुकडा मेपासून ऑक्टोबरपर्यंत उघडाच पडायचा आणि जूनमधला शमाल वारा आपण घातलेलं खत वाळूसकट शेजारच्या उंटांच्या गोठ्यात नेऊन टाकायचा. अर्बाब म्हणाले, यल्ला, आपणही पेरू. मी म्हटलं, येस सर. तुम्ही पंपाकडे निघून गेलात. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बियाणं बाहेरून मागवलं ते बंदरात अडकलं. मला घाई. अल मन्सूरातल्या आपल्या किराणा दुकानात चैत्रातल्या नवरात्राचा उपासाचा माल उरला होता. राजगिरा, वरई, शिंगाड्याचं पीठ आणि त्यांच्या पलीकडे कुट्टूची पाकिटं. मी होती तेवढी सगळी उचलली. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, ताई, मोठा उपास दिसतोय. तुम्ही तुमच्या पद्धतीने उगवण बघितलीत. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडले, गुंडाळी केली, बोराच्या सावलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी उलगडली तर बहुतेक दाण्यांना मोड आलेले. तुम्हीही खूश, मीही खूश. आपण पेरला, पाणी दिलं, वाट पाहिली. आठवडा गेला तरी वर काहीच नाही. उकरून बघितलं तर अर्धे दाणे कुजलेले आणि अर्धे मुंग्यांनी नेलेले. दुकानातला कुट्टू साल काढलेला असतो हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गोणपाटात उघडा दाणा चालून गेला, मातीत नाही चालला. मी इंजिनियर आणि तुम्ही तीन पिढ्यांचे शेतकरी, दोघांनी मिळून फराळाचा जिन्नस पेरला होता.

"उपासाचं पेरलं, आता रान बी उपाशी," एवढंच तुम्ही म्हणालात. मी चिडले होते, पण गाडीत बसल्यावर मला इतकं हसू आलं की हायवेला लागेपर्यंत आवरेना.

मग खरं बियाणं आलं, काळपट, तीन कोनांचं. मे अर्धा उलटून गेला होता. तुम्ही सरळ सांगितलंत, आता नको, थांबू. आपल्याकडे उन्हाळी भुईमूग माघात पेरतात, वैशाखात नव्हे. मी तुम्हाला पान उघडून दाखवलं, त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, उन्हाळ्यात पेरा. तुम्ही विचारलंत, कुठला उन्हाळा? त्या लोकांचा उन्हाळा म्हणजे आपली थंडी असंल. मी ऐकलं नाही. कुट्टू उगवला, आणि काय देखणा उगवला. लालसर देठ, बदामाच्या आकाराची पानं, जूनच्या मध्यावर पांढरी फुलं. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पुढच्या पंधरवड्यात पारा चढला आणि एकही दाणा न धरता सगळं पीक उभ्या उभ्या भाजून निघालं. तुम्ही "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाहीत. नळ्या गुंडाळत राहिलात. त्यापेक्षा बोलला असतात तर बरं झालं असतं.

अर्बाब समंजस माणूस, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. त्यांनी सांगितलं की पुढचा हंगाम शेवटचा. एप्रिलअखेर त्या तुकड्यात पाखरं दिसली नाहीत तर तिथे हिरवळ लावायची आणि पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचा. मी मान डोलावली. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तुकड्याच्या कडेने एक फेरी मारून आलात. मग म्हणालात की हिरवळीला पाणी घालायचं काम माझ्याच्यानं होणार नाही, तसं झालं तर मी गावाकडं जाईन. मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणताय. तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की तसं नाही.

त्या हंगामात आपण तुमचं ऐकलं. हिवाळ्यात आधी अर्बाबच्या हरणांच्या वैरणीपुरती थोडी ज्वारी केली. ज्वारी कमरेएवढी झाली तशी मार्गशीर्षातली अमावास्या आली आणि तुम्ही मला सहकुटुंब येळवशीचं आमंत्रण दिलंत. आमच्या नाशकाकडे येळवस, ही उभ्या पिकाची पूजा, नसते. मला वाटलं, काहीतरी खायला बोलावलंय. आलो तर ज्वारीच्या तुकड्यात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारलेली, आत पाच दगडांना चुना फासून मांडलेले पांडव. पंपाच्या खोलीत तुम्ही पहाटेपासून भज्जी रटरटवत ठेवली होतीत, कुठून कुठून मिळवलेले तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून. बाजरीचे उंडे केले होतेत. थर्मासमध्ये आंबील. माझी लेक ईरा इंग्रजी शाळेतली. तिला तुम्ही मराठीत विचारायचात आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तुम्हाला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही, तरी तुमचं दोघांचं छान चाललं होतं. तुम्ही तिच्या हातात आंबिलीचा तांब्या दिलात आणि पिकावर शिंपडत चारी बाजूंनी फिरायला लावलंत. तिने विचारलं, why are we feeding the plants? तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतीया? मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, ज्वारी गर्भार आहे, तिला खायला-प्यायला घालायचं असतं. ईराने ते ऐकलं आणि मला न विचारता समजून घेतलं, कारण पुढची फेरी ती अगदी हळू चालली.

त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि कडब्यावर आडवी झाले. कुंपणापलीकडे अर्बाबची हरणं चरत होती, हवेत गारवा होता, नवरा घोरत होता. इतकी निवांत दुपार मला या देशात दुसरी आठवत नाही. तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आत्ता मानते.

माघात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर, आपण कुट्टू पेरला, साल असलेला. मार्चच्या मध्याला तुकडा पांढराशुभ्र फुलला. कुठून आल्या कोण जाणे, मधमाश्या आल्या. आणि आपलं दुसरं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, फुलावर आलं की गाडायचं. हिरवं खत होतं, जमिनीला कस येतो, दाणे झडून पुढच्या हंगामात तण होत नाही, आणि मुख्य म्हणजे पुढचे चार-पाच आठवडे पाणी वाचतं. तुम्ही म्हणत होतात, गाडलं तर पाखरांनी काय खायचं, आणि जमीन उघडी पडली तर शमाल काय करील? दोन्ही प्रश्न रास्त होते. पण तुमचं खरं कारण त्यात नव्हतं. ते तुम्ही शेवटी बोललात.

"फुलावर आलेल्या पिकात फण घालत न्हाईत, ताई. माझ्या हातून व्हायचं न्हाई."

मी म्हटलं, दादा, ही भावना झाली, शेती नाही. तुम्ही म्हणालात, असंल. मग आपण बांध घालून तुकड्याचे दोन भाग केले, एक माझा, एक तुमचा, आणि तुम्ही नातवाच्या बारशाला गावी गेलात. तुमची पाठ फिरल्यावर माझा अर्धा मी गाडला. नव्या ट्रॅक्टर ड्रायव्हरने तासाभरात काम उरकलं. स्वच्छ, सपाट, रिपोर्टात फोटो टाकण्यासारखं. तुमच्या अर्ध्यात फुलं गळून दाणा भरायला लागला होता.

इथून पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते.

एप्रिल लागला. पाखरं नव्हती. टँकरने येणारं पाणी उन्हाळ्यासाठी कमी करायचा हुकूम आला. माझ्या मॅनेजरने विचारलं, अर्धा तुकडा गाडलाय, अर्धा का उभा आहे? मी काय सांगणार होते? सोपानदादा नको म्हणतात असं ईमेलमध्ये लिहिता येत नाही. आणि खरं बोलायचं तर मलाही वाटलं, आता हे संपलंच आहे, निदान जमीन तरी चांगल्या स्थितीत ताब्यात द्यावी. गुरुवारी मी वर्क ऑर्डरवर सही केली. रविवारी सकाळी ट्रॅक्टर लावायचा.

शुक्रवारी तुमचा फोन आला. बाळाचं नाव काय ठेवलं ते सांगितलंत, मला लाडू राखून ठेवलेत म्हणालात. मग इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलंत, तुकडा ठेवलाय न्हवं? मी म्हणाले, "हो दादा, ठेवलाय." त्या क्षणाला तो उभा होता, एवढाच त्यात खरेपणा. तुम्ही आल्यावर समोरासमोर समजावू, रागावाल आणि विसराल, असा माझा हिशेब होता.

रविवारी मी फार्मवर पोहोचले तेव्हा ट्रॅक्टर सुरू झाला होता. आणि माझ्या फोनवर तुमचं नाव आलं. मला वाटलं, कोणीतरी तुम्हाला कळवलं. मी फोन उचलला नाही. दादा, मी तो उचलला नाही, कारण मला तुमची भीती वाटली. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. तुमचा मुलगा बोलत होता. म्हणाला, बाबा काल संध्याकाळी गेले, अंगणात बसल्या बसल्या गेले, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर वर होता म्हणून तुम्हाला आधी करतोय.

मी काय बोलले ते आठवत नाही. तुकड्याकडे धावत गेले आणि हात वर करून ट्रॅक्टर थांबवला, एवढं आठवतं. ड्रायव्हर घाबरला, त्याला वाटलं त्याचं काही चुकलं. त्याच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, कडेने. बाकीचं सगळं उभं होतं. मी बोराखाली बसून रडले. चार माणसं आसपास उभी होती, त्यांच्यादेखत रडले आणि मला काही वाटलं नाही.

ऑफिसात मी लिहून दिलं की उरलेला भाग उभा ठेवण्याची जबाबदारी माझी. पाण्याचं मॅनेजरने विचारलं तर सांगितलं, पाणी बंदच करते, दाणा भरलाय. ते तुम्हीच शिकवलं होतंत, दाणा हिरवा रंग सोडून काळा व्हायला लागला की पाणी तोडायचं. पीक वाळलं, दाणे झडायला लागले. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी तासभर गाडी चालवत जायचे. नवरा म्हणाला, तू बरी आहेस ना? बरी होते.

आठव्या दिवशी पहिले होले आले. चार. मग चंडोल आले, आणि एका सकाळी बांधाजवळून लावे फुर्रकन उडाले तेव्हा मी दचकून मागे पडले. महिनाअखेरीला अर्बाब आले त्या दिवशी मोजता येऊ नयेत इतकी पाखरं होती. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही तिकडे फुशारत बसाल. पाखरं दाट पिकात उतरतच नव्हती. ती उतरत होती ट्रॅक्टरच्या त्या दोन फेऱ्यांत, उघड्या मातीवर, जिथे उन्मळलेल्या झाडांचे दाणे विखुरले होते, आणि जरा खट्ट झालं की शेजारच्या उभ्या कुट्टूत शिरत होती. म्हणजे त्यांना तुमचंही हवं होतं आणि माझंही. आपल्या भांडणाचा निकाल लागलेला नाही, दादा. पुढच्या माघात मी पट्टे पाडणार आहे, एक उभा, एक उघडा. फण मात्र फुलावर नाही घालणार. दाणा झडल्यावर घालीन. एवढं तुमचं मान्य.

अर्बाब इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिले. मग काच खाली करून म्हणाले, हे तुझं काम? मी म्हटलं, नाही, सोपान. त्यांनी विचारलं, सोपान कुठे आहे? मी सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी दोन ओळी पुटपुटल्या, अरबीत, मला सगळ्या कळल्या नाहीत. तंबूची गोष्ट खलास झाली. तुकडा राहतोय.

परवा तुमच्या मुलाला हे सगळं कळवायला फोन केला. तो म्हणाला, बाबांना फार आनंद झाला असता. मग म्हणाला की तसे ते आनंदातच गेले. शनिवारी दिवसभर येईल त्याला सांगत होते, पारावर जाऊनही सांगून आले की आमच्या ताईनं तुकडा ठेवला, शिकलेली बाई, पण माझं ऐकलं. मी "हो का" म्हणाले. त्याला खरं काही सांगितलं नाही. सांगायचं होतं ते तुम्हाला.

दादा, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुम्ही ते खरं धरलंत, गावभर सांगितलंत आणि त्याच दिवशी निघून गेलात. ते खरं करून दाखवण्यावाचून तुम्ही माझ्यापुढे दुसरी वाटच ठेवली नाहीत. आता विचारा पुन्हा, तुकडा ठेवलाय का?

हो दादा. ठेवलाय.